काकूंच्या घरचा टीव्ही

आठवीच्या वर्गाला निबंध दिला होता, ‘माझा आवडता दूरदर्शन कार्यक्रम’. मुलींमध्ये कुजबुज सुरू झाली, कारण त्यांच्यापैकी निम्म्या जणींच्या घरी टीव्ही नुसता भिंतीवर असतो, बघायचं ते सगळं मोबाईलवर. एकीने हात वर केला. "टीचर, आपका कौनसा था?" मराठीच्या तासाला मराठीतच बोलायचं असा माझा नियम आहे आणि तो रोज मोडतो. मी म्हटलं, "महाभारत." वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सच्ची, टीचर?"

सच्ची. पण तास पंचेचाळीस मिनिटांचा असतो आणि उत्तर मोठं आहे. शिवाय मुलींसमोर सांगायला जरा अवघड जावं असंही त्यात काही आहे. म्हणून इथे लिहिते.

आमचं घर सासवडचं. अब्बांचं बांगड्यांचं दुकान, पुढे दुकान आणि मागे घर. पालखी सासवडला मुक्कामाला आली की त्या दिवसांत जो धंदा व्हायचा त्यावर आमचे ईदचे कपडे ठरायचे. गल्लीत टीव्ही एकच होता, समोरच्या काकूंकडे. काकूंचे यजमान, अप्पा, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी क्राउनचा काळा-पांढरा टीव्ही घेतला होता. लाकडी पेटी, पुढे सरकतं शटर आणि त्याला छोटी किल्ली. ती किल्ली अप्पांच्या जानव्याला असायची. गच्चीवरचा अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभा. सिंहगडावरच्या केंद्रातून मुंबई दूरदर्शन पुण्याकडे १९७३ पासून दिसत होतं आणि किल्ला आमच्यापासून फार लांब नाही. तरी कावळा बसला की अँटेना फिरायचा. मग काकूंचा धाकटा वर, मी जिन्यात, बाकी मुलं खाली. "आलं का?" "नाही, मुंग्याच आहेत!" "आता?" "आलं, आलं, सोड हात!" हात सोडला की परत मुंग्या.

आमच्याकडे टीव्ही का नव्हता, याची दोन कारणं होती. मशिदीतल्या बयानात त्याला शैतान का डब्बा म्हटलं गेलं होतं, हे सांगायचं कारण. पैसे नव्हते, हे खरं कारण. अब्बा पहिलं कारण इतक्या समाधानाने सांगायचे की दुसरं कुणाच्या लक्षात येत नसे. पण आम्ही समोर जाऊन बघतो, याला त्यांची कधी हरकत नव्हती. डब्बा दुसऱ्याच्या घरी असला की त्यातला शैतान थोडा कमी होत असावा.

मला सगळं आवडायचं. ‘गोट्या’ आवडायची, ना. धों. ताम्हनकरांचं पुस्तक मी नंतर वाचलं तेव्हा त्यात मला जॉय घाणेकरचाच चेहरा दिसत राहिला. रामदास पाध्यांचा अर्धवटराव आवडायचा. ‘विक्रम और वेताल’मधल्या वेताळाची भीती वाटायची आणि घरी परतताना गल्लीतली पंचवीस पावलं मी पळत पार करायची. ‘मालगुडी डेज’मधला स्वामी आमच्याच शाळेतला वाटायचा. छायागीत असलं की काकूंच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. ‘आमची माती आमची माणसं’ लागलं की मुलं उठून जायची आणि कऱ्हाकाठचे दोन-तीन शेतकरी त्यांच्या जागेवर येऊन बसायचे. अंजिरावरच्या रोगाबद्दल काही सांगत असतील तर कुणी खोकायचंसुद्धा नाही. शनिवारी मराठी सिनेमा. प्रदीप भिड्यांच्या बातम्या. अप्पा बातम्यांना ताठ बसायचे, जणू भिडे त्यांनाच रिपोर्ट देताहेत.

अम्मी फारशी यायची नाही. पण एका रात्री काही कामाने आली आणि हिंदी बातम्या वाचणाऱ्या सलमा सुलतान तिला दिसल्या. साडीचा काठ गळ्यापर्यंत वर घेतलेला, केसांत गुलाब, आणि आवाजात घाई नाही. अम्मी दारातच उभी राहिली. त्यानंतर आम्ही परत आलो की ती भाकरी वाढता वाढता विचारायची, "आज गुलाब था क्या?" बातम्या काय होत्या हे तिने कधी विचारलं नाही. आपल्यातली एक बाई सगळ्या देशाला बातम्या सांगते आणि सगळे गप्प बसून ऐकतात, एवढी बातमी तिला पुरायची.

२५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झालं तेव्हा मी दुसरीत होते. रविवारी सकाळी साडेनऊला रस्ता असा रिकामा व्हायचा की अब्बा दुकानाच्या फळ्या उघड्या टाकून आत येऊन बसायचे. काकू टीव्हीला हळदकुंकू वाहायच्या, उदबत्ती लावायच्या. आमची दादी पहिल्या रविवारपासून हजर. पदर डोक्यावर, तसबीह मुठीत, भिंतीला टेकून खाली बसायची. राम पडद्यावर आला की सगळे हात जोडायचे. मीही जोडले. घरी येताना जीव धाकधूक करत होता म्हणून मीच दादीला विचारलं. ती म्हणाली, "हाथ जोडने की जरूरत नै. अदब से बैठना, बस." दादीच्या फतव्यांना एवढीच लांबी असायची.

दादीला रामायण नवं नव्हतं. ती जात्यावर मराठी ओव्या म्हणायची, त्यात सीता यायची, तिचा वनवास यायचा. त्यामुळे रामायणात पुढे काय होणार ते तिला ठाऊक असायचं आणि काकूंच्या आधी ती मान हलवायची. महाभारताचं तसं नव्हतं. २ ऑक्टोबर १९८८ ला ते सुरू झालं आणि दर रविवारी कुणीतरी दादीला चकवू लागलं. शपथा, शाप, कोण कुणाचा मुलगा, कुणाला माहीत आहे आणि कुणाला नाही. "ये तो अपने खानदान जैसाच है," असं ती म्हणाली आणि काकू पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "आमच्यासारखंच म्हणा की, चाची. आमच्या वाटण्या अजून कोर्टात आहेत."

आमच्या गल्लीची भाषाच बदलली. मुलं एकमेकांना भ्राताश्री म्हणायची. एकदा माझा धाकटा भाऊ दुकानात गिऱ्हाइकांसमोर अब्बांना "पिताश्री" म्हणाला. अब्बांच्या हातातली बांगडी वाढली. (आम्ही बांगडी फुटली म्हणत नाही. दुकानात तर अजिबात नाही.)

दादीचा जीव कर्णावर. पंकज धीर पडद्यावर आला की तिची तसबीह थांबायची. सगळ्यांना सगळं मिळालं, याला काय मिळालं, हा तिचा प्रश्न होता आणि तो ती दर रविवारी काकूंना विचारायची, जणू काकूंनीच काही करायला हवं होतं. काकूही मनापासून उत्तर द्यायच्या. दोघी म्हाताऱ्या नव्हत्या तशा. दादी पासष्टची असेल, काकू पन्नाशीच्या. एपिसोड संपला, शटर लागलं, पुरुष उठून गेले, तरी या दोघी कर्णाचं गाऱ्हाणं करत अर्धा तास बसायच्या. माझ्या दादीला गल्लीबाहेरची मैत्रीण नव्हती. गल्लीतली हीच.

मध्येच गालिबचं सांगते, नाहीतर राहून जाईल. गुलजारची ‘मिर्झा गालिब’ आली ती १९८८ मध्येच. नसीरुद्दीन शाह आणि जगजितसिंगांचा आवाज. अप्पा पेन्सिल आणि पाठकोरा कागद घेऊन बसायचे. अडलेला शब्द देवनागरीत लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठी माझ्या हातून अब्बांकडे यायची. मुसलमान म्हटला की त्याला गालिब येणारच, असा अप्पांचा प्रामाणिक समज होता. अब्बा उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. त्यांना फिरोजाबादी बांगडीचा भाव पाठ होता, ‘तगाफुल’ त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. पण मास्तरांना नाही म्हणायची लाज. ते चिठ्ठी वाचून गंभीरपणे "हं" म्हणायचे, मग मला आत बोलवून हळूच सांगायचे, "हेडमास्टर साहब के पास जा. बोलना मत किसने पूछा."

आमच्या उर्दू शाळेच्या हेडमास्तरांकडे एक लुगत होता, पुठ्ठे निघालेला, दोरीने बांधलेला. ते पानं उलटायचे, मी पाहायची. तगाफुल म्हणजे जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष. बाजीचा म्हणजे खेळणं. मी अर्थ उर्दूत लिहून आणायची, अब्बा तो वाचून, मनात मराठी करून, संध्याकाळी अप्पांना असा सांगायचे की जणू आईच्या दुधाबरोबर प्यायले आहेत. अप्पा मला म्हणायचे, "तुझे वडील विद्वान आहेत हो." हे नाटक मालिका संपेपर्यंत चाललं. आज मी उर्दू शिकवते त्याची सुरुवात डीएडला नाही, बीएडला नाही, या चिठ्ठ्या पोचवताना झाली. आणि मराठीही तिथलीच, कारण चिठ्ठीच्या पाठीवर मी काही लिहिलेलं असलं की अप्पा त्यातले ऱ्हस्व-दीर्घ लाल पेन्सिलीने दुरुस्त करून कागद परत द्यायचे.

१९९० च्या सुरुवातीला आमच्या घरी टीव्ही आला. कारण ‘टिपू सुलतान’. संजय खानच्या या मालिकेच्या चित्रीकरणात म्हैसूरच्या स्टुडिओला आग लागून साठाहून जास्त माणसं गेली होती, तो स्वतः भाजला होता, आणि मग मालिका दाखवावी की नाही यावरून कोर्टबाजी झाली होती. या सगळ्यामुळे आमच्या लोकांत ती सुरू होण्याआधीच तिचा बोलबाला होता. अब्बांनी पुण्याहून जुना टीव्ही घेतला. एसटीत दादीच्या वाकळेत गुंडाळून, मांडीवर घेऊन, दिवे घाटाची वळणं त्यांनी तो छातीशी धरून पार केली. शैतानाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

पहिल्या दिवशी अब्बांनी अप्पांना आणि काकूंना बोलावलं. इतकी वर्षं आम्ही त्यांच्याकडे जात होतो, आता आमची पाळी, असं त्यांना वाटलं असणार. दोघं आले. अप्पा ऐसपैस बसले, चहा घेतला. काकू खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि चहा पुढे केल्यावर म्हणाल्या, "आत्ताच झालाय हो." मालिकेआधी पाटी आली की ही कादंबरीवर आधारलेली, काल्पनिक गोष्ट आहे. अप्पांनी ती सवयीने मोठ्याने वाचली. अब्बा काही बोलले नाहीत. मग तलवारी सुरू झाल्या आणि सगळे बघत बसले.

ते गेल्यावर अम्मी कप विसळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उनके घर में तेरी दादी का गिलास अलग है. मालूम है ना?"

मला माहीत नव्हतं. आम्ही मुलं त्यांच्या अंगणातल्या नळाला ओंजळ लावून प्यायचो, पेल्याशी आमचा संबंधच आला नव्हता. पुढच्या रविवारी मी बघितलं. ओसरीच्या कोनाड्यात एक पितळी पेला उपडा ठेवलेला होता, कडेला पोचा आलेला. दादीने पाणी मागितलं की काकू तो घ्यायच्या, वरून पाणी ओतायच्या. दादी पिऊन झालं की स्वतः नळावर धुऊन कोनाड्यात ठेवायची. किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. तो रविवार भीष्म पडले त्याचा होता. बाणांच्या शय्येवर भीष्म पाणी मागतात. दादी काळजीने म्हणाली, "अब इसको पानी कौन पिलाएगा?" काकू म्हणाल्या, "बघा तर खरं, चाची. अर्जुन देतो." मी मात्र पडद्याकडे बघतच नव्हते, मी कोनाड्याकडे बघत होते.

वय अकरा. त्या वयात राग स्वच्छ असतो. घरी आल्या आल्या मी दादीला सांगितलं की त्यांच्याकडे तुझा पेला वेगळा आहे आणि आता आपल्या घरी टीव्ही आहे, तर तू तिथे जायचं नाही. दादी तसबीह ओढत होती. म्हणाली, "मेरेकू मालूम है." मी म्हटलं, "फिर भी जाती?" तर म्हणाली, "मैं पानी पीने कू जाती क्या उधर? किस्सा सुनने कू जाती."

आणि जात राहिली. टिपू घरी, महाभारत काकूंकडे, अशी तिची वाटणी. त्या वर्षी मार्चअखेर रमजान लागला. रोजा ठेवूनही ती रविवारी जायची. मी तिला सोडायला जायची तेव्हा एक गोष्ट दिसली की काकू त्या महिनाभर दादीसमोर चहा प्यायल्या नाहीत. अप्पांचा कपही त्या आत न्यायच्या. "चाचींचा उपास आहे, तुम्ही माजघरात प्या." वेगळा पेला ठेवणारी बाई आणि चहाचा कप लपवणारी बाई एकच होती. हे मी पाहिलं होतं. पण तेव्हा मला ते जमेला धरायचं नव्हतं.

मे महिन्यात माझा भाऊ मामूंकडे गेला. दादीचे गुडघे दुखायचे, काकूंच्या ओसरीच्या चार पायऱ्या चढायला तिला कुणाचा तरी खांदा लागायचा. त्या रविवारी ती चप्पल घालून तयार झाली आणि मला म्हणाली, "चल." मी म्हटलं, "मैं नै आती. इधर देखना है तो देख." अम्मी स्वयंपाकघरात होती, अब्बा दुकानात. दादी उंबऱ्यावर उभी राहिली. समोर काकूंचं दार उघडं दिसत होतं, पंचवीस पावलं. ती बरीच वेळ तिथे उभी होती. मग चप्पल काढली, आत आली, म्हणाली, "लगा दे."

कर्ण गेला तो एपिसोड होता. आमच्या टीव्हीचं चित्र तेव्हा वरखाली पळायचं. बाजूने थाप मारली की दोन मिनिटं थांबायचं, परत पळायचं. रथाचं चाक जमिनीत रुतलेलं, ते उपसणारा कर्ण खालून वर जातोय, पुन्हा खालून येतोय, आणि मी थापा मारतेय. दादी काही बोलली नाही. रडली पण नाही. एरवी ती कर्णाच्या साध्या अपमानालाही डोळे पुसायची.

थोड्या वेळाने काकूंचा धाकटा आला. "आईने विचारलंय, चाची आल्या नाहीत, बरं आहे ना?" मी दारातच उत्तर दिलं, "आता आमच्याकडे टीव्ही आहे."

एवढंच वाक्य. त्यात एकही वाईट शब्द नाही, मुलींच्या निबंधात असतं तर मी लाल रेघ मारली नसती. तो गेला. काकूंनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला असणार. २४ जूनला महाभारत संपलं. मधल्या सगळ्या रविवारी दादी घरीच होती. मी एकदा म्हटलं, चल सोडते, तर म्हणाली, "अब रहने दे, गुडघा दुखता."

लोक मला विचारतात, विशेषतः शाळेतले हिंदू सहकारी, आणि ते चांगल्या मनानेच विचारतात, की ब्याण्णवनंतर तुमच्याकडे संबंध बिघडले का. आमच्या गल्लीत ब्याण्णवला काही झालं नाही. डिसेंबरच्या त्या आठवड्यात अप्पा रोज संध्याकाळी पेपर घेऊन आमच्या दुकानाच्या फळीवर येऊन बसत, दुकान बंद होईपर्यंत. कशासाठी बसतात ते त्यांनी सांगितलं नाही, अब्बांनी विचारलं नाही. जे तुटलं होतं ते अडीच वर्षं आधी तुटलं होतं आणि ते मशिदीमुळे नाही की मंदिरामुळे नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत गल्लीत घरोघर टीव्ही झाले, ‘चंद्रकांता’ लागली तेव्हा तर एकाच वेळी सगळ्या खिडक्यांतून एकच आवाज यायचा. कुणाच्याच दारात चपलांचा ढीग नव्हता. दादी आणि काकू दुकानात भेटायच्या. काकू बांगड्या भरायला यायच्या, दोघी बोलायच्या, पण गिऱ्हाइकासारख्या, उभ्याउभ्या. दादी १९९६ ला गेली.

बीएडला असताना लायब्ररीत राही मासूम रझांबद्दल वाचलं. महाभारताचे संवाद त्यांनी लिहिले हे नाव पडद्यावर दर रविवारी आलं असणार, पण आमच्यात ते वाचणारं कोण होतं? गाझीपूरकडच्या गंगौलीचा माणूस, ‘आधा गाव’ ही कादंबरी त्याची. अलीगढला उर्दू शिकवायचा. पीएचडी ‘तिलिस्मे होशरुबा’वर, म्हणजे जिथे एका किश्श्यातून दुसरा निघतो त्या दास्तानवर. पिताश्री, माताश्री हे शब्द त्याने अब्बाजान, अम्मीजानच्या घडणीवरून बनवले असं म्हणतात. मला अब्बांच्या हातातली ती बांगडी आठवली. त्या दिवशी फार वाटलं की दादीला हे सांगायला हवं होतं. ती नक्की काय म्हणाली असती हेही मला माहीत आहे. म्हणाली असती, "अच्छा लिखा था." त्यापुढे काही नाही.

त्या वर्षी ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन मी काकूंकडे गेले तेव्हा त्यांना सांगितलं. अप्पा नव्हते तोवर. काकू क्षणभर बघत राहिल्या आणि हसायलाच लागल्या. "अगंबाई! म्हणूनच चाचींना माझ्याआधी कळायचं होय सगळं!" याने खूश व्हावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शीरखुर्मा त्यांनी माझ्यासमोर वाटीत घेऊन खाल्ला. कोनाडा रिकामा होता, ओसरीला नवीन फरशी होती. मी पेल्याबद्दल विचारलं नाही. आणि त्या रविवारी मी दारात काय म्हणाले होते, तेही काढलं नाही. काढायचं ठरवून गेले होते.

मग २०२०. मार्चच्या शेवटी सगळं बंद झालं आणि दूरदर्शनने २८ मार्चपासून रामायण आणि महाभारत पुन्हा लावलं. मी तेव्हा सोलापुरात, शाळा बंद, मुलगी नऊ वर्षांची आणि घरात कोंडून कावलेली. त्याच दिवसांत इतर चॅनेलवर आमच्याबद्दल जे चाललं होतं ते तुम्हाला आठवत असेल, मी परत लिहीत बसत नाही. माझा चुलतभाऊ हातगाडीवर कलिंगडं विकायचा, त्याला एका सोसायटीच्या गेटवर आधी नाव विचारलं आणि मग परत पाठवलं. अशा दिवसांत घरात टीव्ही लावायचीच भीती वाटायची. मुलीसाठी म्हणून डीडी भारती लावलं, तेवढं एक बघायचो.

रमजानमध्ये एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "चाचींची नात ना गं तू?" बांगड्यांच्या दुकानातून, माझ्या भावाकडून नंबर घेतला होता. काकू आता पुण्याला मुलाकडे होत्या, ब्याऐंशीच्या, ऐकायला कमी येतं म्हणून स्वतः मोठ्याने बोलत होत्या. माझी चौकशी, मुलीची, रोजे झेपतात का या वयात (माझ्या वयात!). मग म्हणाल्या, "महाभारत बघतेस की नाही? इथे कुणी बसत नाही गं माझ्याबरोबर. हा कॉम्प्युटरवर असतो, सून कामात. एकटीने बघायची सवय नाही मला."

मी म्हटलं, "काकू, त्या दिवशी मी..."

"काय? ऐकू येत नाही. बाराला करते मी फोन. सातला नको, सातला तुमचा रोजा सुटायचा असतो."

बाराला फोन आला. मी तो स्पीकरवर टाकून टीव्हीजवळ ठेवला. मुलगी मांडीवर. पहिल्या दिवशी लक्षात आलं की त्यांच्याकडे आवाज आमच्या दोन सेकंद आधी येतो, त्यांची डिश आणि आमची केबल. त्यामुळे प्रत्येक वाक्य आम्ही आधी पुण्याहून ऐकायचो आणि मग सोलापुरात पाहायचो. मुलीला याची भारी मजा वाटली. असे बरेच दिवस बघितलं. मध्ये काकू बोलायच्या, कोण कुणाचा काका ते मुलीला समजावायच्या.

भीष्म पडले त्या दिवशी मुलगी उठून पडद्याजवळ जाऊन बसली. भीष्मांचे ओठ कोरडे. माझा रोजा होता, बाहेर सोलापूरचं ऊन. फोनमधून काकूंचा आवाज आला, "दिलं गं बाई, दिलं पाणी अर्जुनाने."

आमच्याकडे अजून बाण धनुष्यावरच होता.